नाशिकला समुद्र नाही? दोन आहेत!

नाशिक जिल्ह्याच्या नकाशावर किनारा शोधू नका, सापडायचा नाही. पण त्र्यंबकच्या डोंगरावर पडणाऱ्या पावसाला विचारून बघा. ब्रह्मगिरीच्या एका अंगाला पडलेला थेंब गोदावरीत शिरतो आणि १,४६५ किलोमीटरच्या वाटेने आंध्रात बंगालच्या उपसागराकडे निघतो. त्याच डोंगररांगेत दुसऱ्या अंगाला पडलेला थेंब वैतरणेतून पालघरच्या किनाऱ्याला, म्हणजे अरबी समुद्रात. पेठ-सुरगाण्याकडच्या दमणगंगा, नार, पार याही पश्चिमवाहिनीच. गोदावरीची गंमत तर अशी, की तिच्या उगमापासून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ८० किलोमीटरवर. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवून उलट्या दिशेला निघते.

हा व्यवहार दुतर्फा आहे. पाऊस पाठवणारे हेच दोन समुद्र, आणि त्यांच्या मागे बसून तारा हलवणारा पॅसिफिक. निफाडची द्राक्षं आणि लासलगावचा कांदा या तिघांच्या लहरीवर चालतो. ती लहर आता आकाशातून मोजली जाते, सेंटिमीटरमध्ये आणि अर्ध्या-पाव अंशात. त्या मोजणीतल्या या काही गमती.

अर्ध्या अंशाची दहशत

पॅसिफिकच्या मधोमध, विषुववृत्तालगत शास्त्रज्ञांनी एक चौकोन आखलाय. नाव ‘निनो ३.४’. नाशिकपासून बारा हजार किलोमीटरच्याही पलीकडे. तिथलं वरचं पाणी सरासरीपेक्षा अर्धा अंश सेल्सिअसने जास्त तापलं आणि काही महिने तसंच राहिलं, की एल निनो. अर्धा अंश गार पडून राहिलं, की ला निना. अर्धा अंश! एवढ्या तापाला घरी कोणी थर्मामीटरही शोधत नाही.

आणि परिणाम? २०२३ च्या एल निनोत देशाने १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट पाहिला, सरासरीहून ३६ टक्के कमी पावसाचा. ऑक्टोबरअखेर राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपले मालेगाव, सिन्नर आणि येवला. त्याच कोरड्या ऑगस्टमध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसवलं, लासलगावचे लिलाव बंद पडले आणि डिसेंबरात थेट निर्यातबंदीच आली. सगळं खापर पॅसिफिकवर फोडणं अन्यायाचं होईल. कांद्याच्या बाबतीत दिल्लीचं तापमानही मोजायला हवं.

२०१५ चा सिंहस्थही असाच एका तगड्या एल निनोच्या तोंडी सापडला होता. देशभर पाऊस १४ टक्के कमी, आणि इकडे शाही स्नानासाठी गंगापूर धरणातून पाणी सोडावं की नाही हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. रामकुंडातल्या पाण्याचा वाद पॅसिफिकमधून सुरू झाला होता, हे तेव्हा घाटावर कोणी बोललं नाही.

बूमरँगवाले साहेब

पॅसिफिकचं आणि आपल्या पावसाचं काहीतरी साटंलोटं आहे हे पहिल्यांदा कोणी पकडलं? हवामानशास्त्राचं शिक्षणच न घेतलेल्या एका माणसाने. १८९९ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारला पावसाचा अंदाज हवा होता. १९०४ मध्ये हिंदुस्थानच्या वेधशाळांचे प्रमुख म्हणून आले गिल्बर्ट वॉकर, केंब्रिजचे गणिती. त्यांची खरी ख्याती बूमरँग फेकण्याची आणि त्याचं गणित मांडण्याची. वॉकरनी कारकुनांची फौज बसवली आणि जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहायला लावले. त्यातून निघालं ‘दक्षिणी दोलन’: पॅसिफिकच्या एका टोकाला दाब चढला की दुसऱ्या टोकाला उतरतो. वॉकर १९२४ मध्ये निवृत्त झाले. पावसाचा अंदाज काही त्यांना नीटसा जमला नाही, पण पाहिजे तो चोर त्यांनी उपग्रह येण्याच्या कितीतरी आधी, नुसत्या कागदावर पकडला होता.

एल निनो आला, पाऊसही आला

मग १९९७ उजाडलं. पॅसिफिकमध्ये शतकातल्या सर्वांत जबरदस्त एल निनोंपैकी एक उभा राहिला. आणि पहारा कसा! १९९२ पासून अमेरिका-फ्रान्सचा ‘टोपेक्स-पोसायडन’ समुद्राची उंची मोजत होता. ऑगस्ट १९९७ मध्ये समुद्राचा रंग पाहणारा ‘सी-विफ्स’ वर गेला. नोव्हेंबरात ‘ट्रिम’ गेला, ढगांतून आरपार पाणी किती तापलंय ते सांगणारा. जणू सगळे या पाहुण्यासाठीच निघाले होते.

टोपेक्सला दिसलं, की गरम पाण्याचा फुगवटा पॅसिफिक ओलांडून दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याकडे सरकतोय. सी-विफ्सला दिसलं, की विषुववृत्तावरचं पाणी स्वच्छ निळं झालंय. ऐकायला छान वाटतं, पण समुद्राच्या भाषेत निळं म्हणजे उपाशी. खालचं खतावलेलं पाणी वर यायचं थांबलं, सूक्ष्म वनस्पती उगवायच्या थांबल्या. पुढच्या उन्हाळ्यात ला निना आली आणि तोच पट्टा काही आठवड्यांत हिरवा झाला.

भारतात मात्र सगळ्यांनी कपाळाला हात लावला होता तो फुकट गेला. १९९७ चा मोसमी पाऊस सरासरीच्या १०२ टक्के! एल निनो असून दुष्काळ नाही, हे कसं काय?

उत्तर आपल्याच अंगणात होतं. १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की हिंदी महासागराचं स्वतःचं वेगळं दोलन आहे. कधी आफ्रिकेकडची बाजू गरम आणि सुमात्राकडची गार, कधी उलट. पहिल्या अवस्थेला धन द्विध्रुव म्हणतात, दुसरीला ऋण. १९९७ ला धन द्विध्रुव जोरात होता. त्याने एल निनोचा वार बराचसा झेलला. या चौघांतले बी. एन. गोस्वामी पुढे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संचालक झाले.

या द्विध्रुवाचा खुणेचा रंगही उपग्रहातून दिसला. जावा-सुमात्राचा किनारा एरवी सूक्ष्म वनस्पतींच्या बाबतीत तसा ओसाड. १९९७ मध्ये तिथे गार पाणी वर आलं आणि सगळा किनारा हिरवागार झाला. इंडोनेशियाच्या जंगलांत तेव्हा वणवे पेटलेले. त्या धुरातलं लोहही या पिकाला खत म्हणून लागलं आणि मेंतावाई बेटांजवळची प्रवाळं त्या सगळ्याखाली गुदमरून मेली, असं २००३ मधलं एक संशोधन सांगतं.

न दिसणारी लाट

आता माझा या सगळ्यातला लाडका प्रकार. केल्विन लाट.

ही लाट होडीत बसून दिसत नाही. उंची काही सेंटिमीटर, वीतभर झाली तर खूप. लांबी मात्र शेकडो किलोमीटर. किनाऱ्याला चिकटून चालते, आणि उत्तर गोलार्धात तिचा एक हट्ट आहे: किनारा कायम उजव्या हाताला पाहिजे. त्यामुळे विषुववृत्तावरून आलेली अशी लाट सुमात्राला थडकते, मग म्यानमार, बांगलादेश, ओडिशा असा बंगालच्या उपसागराला पूर्ण वळसा घालते, गोदावरीच्या मुखासमोरून खाली उतरते, श्रीलंकेला फेरी मारते आणि केरळ, कर्नाटक, गोवा, कोकण करत वर येते. वेग तासाला साधारण नऊ किलोमीटर, दिवसाला दोनशेच्या वर. कन्याकुमारीहून निघालेली लाट आठवड्याच्या आत रत्नागिरीला पोचते.

वर वीतभर, पण खाली तिचा पसारा मोठा. वर पाणी बोटभर चढलं, तर खालचा गरम-गार पाण्याचा सांधा कित्येक मीटर खाली दाबला जातो. आणि इथे कोकण-गोव्याचा मासा गोष्टीत शिरतो.

पावसाळ्याच्या शेवटी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खोलातलं पाणी वर येतं. खतावलेलं असतं, पण त्यात प्राणवायू अगदी कमी. काही वर्षी तो इतका घटतो, की तळाजवळ जगणं अशक्य होतं. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीच्या समोर समुद्रात वर्षानुवर्षं पाण्याचे नमुने घेत आली आहे. २००१ सालची अवस्था फारच वाईट होती. मग काही वर्षी गुदमर आणि काही वर्षी नाही, असं का? २०१७ मध्ये याच संस्थेच्या पार्वती वल्लिवट्टत्तिल आणि सहकाऱ्यांनी १९६० ते २०१२ चा समुद्र संगणकात पुन्हा चालवून पाहिला. उत्तर निघालं: धन द्विध्रुव. तो असतो त्या वर्षी भारताच्या दक्षिण टोकाजवळ वारे उलटे, पूर्वेकडून वाहतात, त्यातून पाणी खाली दाबणारी केल्विन लाट सुटते, पश्चिम किनाऱ्याने वर चढते आणि प्राणवायू नसलेलं पाणी खालीच डांबून ठेवते. म्हणजे ज्या द्विध्रुवाने १९९७ मध्ये आपला पाऊस वाचवला, तोच किनाऱ्यावरच्या माशांचा श्वासही वाचवतो. आणि तो उन्हाळा सरताच आकार घेऊ लागत असल्याने किनाऱ्याला दोनेक महिने आधी सुगावा लागू शकतो. ऋण किंवा तटस्थ वर्षी गुदमर होईलच असं नाही, पण झाला तर अशाच वर्षी.

बागेश्रीची उलटी वाट

लाट पूर्वेकडून कोकणात येते. कोकणातून पूर्वेकडे कोण जातं? बागेश्री. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर दोन ऑलिव्ह रिडले कासविणींच्या पाठीवर उपग्रह-ट्रान्समीटर चिकटवले. एकीचं नाव गुहा, दुसरीचं बागेश्री. बागेश्री खाली उतरत गेली, श्रीलंकेला वळसा घातला आणि जुलैच्या सुमारास थेट बंगालच्या उपसागरात. केल्विन लाटेचाच रस्ता, फक्त रॉंग साइडने.

तिच्या आधी २०२२ मध्ये वेळासची प्रथमा, आंजर्ल्याची सावनी आणि गुहागरच्या रेवा, लक्ष्मी, वनश्री अशा पाच जणींवर हाच प्रयोग झाला होता. राज्याचा कांदळवन कक्ष आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांचं हे काम. नावं ठेवणाऱ्याला सलाम.

१०६ मीटरचा खड्डा आणि ५ मिलिमीटरची घट

जमिनीपासून १,३३६ किलोमीटर उंचीवरून टोपेक्सची जातकुळी समुद्राची उंची तीनेक सेंटिमीटरच्या अचूकतेने मोजते. रडारचा ठोका खाली सोडायचा, परत यायला किती वेळ लागला ते पाहायचं, एवढंच. पण समुद्र काही सपाट नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला गुरुत्वाकर्षण जरा कमकुवत आहे. तिथे समुद्राचा पृष्ठभाग अपेक्षेपेक्षा तब्बल १०६ मीटर खाली आहे. बोटीला पत्ताही लागत नाही, कारण उतार हजारो किलोमीटरवर पसरलेला. हा एवढा खड्डा वजा करून मग वीतभराची लाट शोधायची!

त्याहून भारी किस्सा २०१०-११ च्या ला निनाचा. एरवी वर्षागणिक चढत चाललेली जगभरच्या समुद्राची पातळी अचानक सुमारे ५ मिलिमीटरने उतरली. पाणी गेलं कुठे? गुरुत्वाकर्षणातला फरक टिपणाऱ्या ‘ग्रेस’ या जोड-उपग्रहांनी शोधून काढलं: जमिनीवर. ला निनाने दक्षिण अमेरिकेवर आणि विशेषतः ऑस्ट्रेलियावर इतका पाऊस ओतला, की ऑस्ट्रेलियाच्या मधल्या खोलगट भागातून पाण्याला समुद्राकडे परतायला वाटच मिळेना.

मुंबईकरांसाठी एक अभिमानाची बाब: उपग्रहाची मोजणी १९९२ पासूनची, पण अपोलो बंदरावरची भरती-ओहोटीची नोंद १८७८ पासूनची. हिंदी महासागरात इतकी जुनी वही क्वचितच कोणाकडे असेल.

भारतानेही फ्रान्सबरोबर २०१३ मध्ये ‘सरल’ सोडला. त्याची रडार-लहर बारीक, त्यामुळे किनाऱ्याच्या जास्त जवळचं पाणी वाचता येतं. जुन्या उपग्रहांचा सूर किनारा जवळ आला की बिघडायचा. जमिनीची खरखर मध्ये यायची.

ढग आले की डोळे मिटले

आपला समुद्राचा रंग पाहणारा घरचा डोळा म्हणजे ओशनसॅट. पहिला १९९९ चा, दुसरा सप्टेंबर २००९ चा, तिसरा नोव्हेंबर २०२२ चा. पहिल्या दोघांना आठ रंगपट्टे कळायचे, तिसऱ्याला तेरा. दुसऱ्याने तर वेळ अशी साधली, की तो वर गेल्यावर दोनच महिन्यांत अमेरिकेच्या ‘क्विकस्कॅट’ची फिरती अँटेना बंद पडली आणि समुद्रावरच्या वाऱ्याचे आकडे जग आपल्याकडून घेऊ लागलं.

हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था या रंगावरून आणि पाण्याच्या तापमानावरून मासळी कुठे जमलेली असेल ते काढते आणि मच्छीमारांना कळवते, मराठीतसुद्धा: अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतक्या किलोमीटरवर, इतक्या खोलीला. जिथे गार आणि गरम पाणी भिडतं, जिथे हिरवं दाट होतं, तिथे मासा. ज्या तांडेलाला हे पाण्याच्या रंगावरून आधीच कळतं तो हसतो, पण डिझेलचा भाव बघता तोही मोबाइल उघडतोच.

खरी अडचण वेगळीच. अरबी समुद्र सगळ्यात जास्त उसळतो, खालचं पाणी वर येतं, हिरवं पीक फोफावतं ते जून ते सप्टेंबर. आणि नेमकं तेव्हाच वर ढगांचं छप्पर. रंग पाहणारा उपग्रह आंधळा! सूक्ष्मलहरींवर चालणारे उपग्रह ढगांतून तापमान आणि वारा सांगतात, रंग नाही. म्हणजे समुद्राची सर्वांत मोठी पंगत चालू असताना फोटोवाला बाहेर.

हिवाळ्यात आभाळ मोकळं झालं की मात्र वेगळाच तमाशा दिसतो. उत्तर अरबी समुद्रात हिरव्या रंगाची प्रचंड वळणं. ही नॉक्टिल्युका, जेमतेम डोळ्याला दिसेल एवढा जीव, रात्री ढवळला की निळा चमकतो. तिचा पिच्छा पुरवणारी जोडी गोव्याची: जोकीम गोएस आणि हेल्गा दो रोझारियो गोम्स, आता न्यूयॉर्कजवळच्या लॅमॉन्ट-डोहर्टी वेधशाळेत. २०१४ च्या त्यांच्या संशोधनानुसार, कमी प्राणवायूचं पाणी पसरत गेलं तसं या बयेचं फावलं. माशांना तिचा फारसा उपयोग नाही; खातात ते जेलीफिश आणि तसलेच थुलथुलीत जीव. पुण्याच्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी २०१६ मध्ये दाखवलेलं चित्र त्यालाच जोडून बघावं: पश्चिम हिंदी महासागरातली सूक्ष्म वनस्पती साठ वर्षांत काही ठिकाणी २० टक्क्यांपर्यंत घटली.

तारली खाणाऱ्यांना हे ताटात कळतं. केरळात २०१२ मध्ये तारली जवळपास चार लाख टन मिळाली होती. २०१५ च्या एल निनोच्या आसपास ती कोसळली आणि २०२१ मध्ये आकडा साडेतीन हजार टनांच्या आत आला. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने बोट दाखवलं ते एल निनोकडे.

द्राक्षांचा द्विध्रुव

माशांना तारणारा धन द्विध्रुव नाशिकला मात्र एकदा फार महाग पडलाय.

२०१९ चा द्विध्रुव १९९७ नंतरच्या सर्वांत तीव्र घटनांपैकी. अरबी समुद्र तापलेला. वर्षाला सरासरी एखादं चक्रीवादळ होणाऱ्या या समुद्रात त्या वर्षी पाच झाली: वायू, हिक्का, क्यार, महा, पवन. क्यार तर महाचक्रीवादळ झालं, २००७ च्या गोनूनंतर अरबी समुद्रातलं पहिलंच. क्यार आणि महा काही काळ एकाच वेळी समुद्रात फिरत होती. उपग्रहाच्या चित्रात दोन भोवरे शेजारी शेजारी! महाराष्ट्रात तेव्हा सरकार कोणाचं याचा घोळ चालला होता, त्यामुळे ‘महा’ने किती वळणं घेतली याकडे शहरी वाचकाचं लक्ष जरा कमीच गेलं.

निफाड-दिंडोरीत मात्र सगळे आभाळाकडे बघत होते. पाऊस ऑक्टोबर उलटला तरी थांबेना. गोडी छाटणी (फळासाठीची) झालेल्या बागा फुटव्यावर आणि फुलोऱ्यात, सटाण्याकडची ‘अर्ली’ द्राक्षं तर जवळजवळ काढणीला. डावणी, घडकूज, मणीगळ. दोन्ही वादळं महाराष्ट्राच्या किनाऱ्याला शिवलीसुद्धा नाहीत. नुसत्या ओलाव्याने बागा बसवल्या. पुढच्याच वर्षी ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडात जमिनीवर आलं आणि उरलंसुरलं अंग घेऊन नाशिकवरून गेलं, तेव्हा ‘चक्रीवादळ आणि नाशिक?’ असं विचारणारे गप्प झाले.

आता एक कामाची गोष्ट. हवामान खात्याचं पुण्याच्या शिवाजीनगरातलं कार्यालय दर महिन्याला एक पत्रक काढतं. पॅसिफिकचा आकडा किती, हिंदी महासागराच्या द्विध्रुवाचा किती आणि पुढच्या काही महिन्यांत दोघं कुठे झुकतील, हे त्यात नकाशांसह असतं. फुकट आहे. बातम्यांत फक्त पहिला आकडा येतो, कारण एल निनो हे नाव मथळ्यात बसतं. गोडी छाटणीची तारीख धरताना दुसराही बघावा: १९९७ ला पहिला आकडा दुष्काळ सांगत होता, आणि २०१९ च्या ऑक्टोबरात तो काहीच सांगत नव्हता.